तिसरा खड्डा

माझ्या वडिलांनी एक ग्रह शोधला होता. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे माणसांना ऐकवलंय, आणि त्यातल्या एकशे नव्व्याण्णवांनी डोळे मोठे करून मला चहा पाजलाय. उरलेला एक म्हणजे माझा नवरा. त्याला मी हे लग्नाआधी सांगितलं आणि खरं काय ते त्याला लग्नानंतर माझ्या आईकडून कळलं, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. माझ्या जिभेची ही खोड जन्मापासूनची. तिच्यावरून गेलेली गोष्ट पलीकडं पडताना दुप्पट होऊन पडते. रंकाळ्यावर मांजर दिसलं की घरी येईस्तोवर त्याचा बिबट्या व्हायचा, आणि जेवायला बसेपर्यंत त्या बिबट्यानं दोन माणसं जखमी केलेली असायची. शाळेत मला ‘फेकाडी’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते पदवीसारखं वाटायचं. ह्या प्रकरणात मात्र मी मांजराला मांजरच म्हणणार आहे. जमेल तितकं.

आमचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दुकान मोटर रिवायंडिंगचं. हातकणंगल्यापासून राधानगरीपर्यंत जिथं म्हणून विहिरीवर नाहीतर नदीकाठी मोटर बसली असेल, तिथली जळून आमच्या दारात यायची. उन्हाळ्यात तर दारापासून कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत जळक्या मोटरींची रांग लागायची. (रांग पाच-सहा मोटरींची होती. बघा, मी प्रयत्न करतेय.) अप्पा जळकी तार उपसून काढायचे, नव्या तांब्याच्या तारेचे फेरे घालायचे, वार्निश पाजायचे, भट्टीत वाळवायचे. घरभर त्या वार्निशचा वास असायचा. माझ्या वह्यांना, अव्वाच्या पातळांना, लोणच्याच्या बरणीलासुद्धा. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर सीमेकडचं, तिकडून आलेला तो शब्द. फेरे घालायच्या हातयंत्राला एक मोजणीचा आकडा होता, तो प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ करायचा. मी अभ्यास केला तो ह्या टक्-टक्-टक् वर. अप्पा आकड्याकडं बघायचेच नाहीत. वरच्या खोलीत अव्वा भाकरी थापत असायची, खाली अप्पा गिऱ्हाइकाशी ऊसदरावर भांडत असायचे, आणि मधेच हात थांबवून म्हणायचे, “एक फेरा जास्ती झाला.” उलगडून मोजला की खरंच एक जास्ती निघायचा.

घर जैनांचं, म्हणजे जेवण दिवस मावळायच्या आत. थंडीत तर साडेपाचलाच ताटं मांडलेली असायची. सूर्यास्तानंतर आमच्या घरातून भांड्याचा आवाज आला तर शेजारी येऊन विचारायचे, कोण आजारी हाय काय म्हणून. भाकरी, मुगाचं वरण, शेंगदाण्याची चटणी, दह्याची वाटी. सणावाराला खपली गव्हाची हुग्गी, गूळ घालून तासभर ढवळलेली. तिचा वास आला की त्या दिवसापुरता वार्निशचा वास हरायचा. जेवण झालं की संध्याकाळ लांबच लांब मोकळी उरायची. त्या मोकळ्या वेळेत आमच्या घरात ग्रह शिरले.

झालं असं की एका कॉलेजात शिकवणारे एक सर आपल्या मळ्यातली मोटर घेऊन आले आणि मोटर वाळेपर्यंत बसून राहिले. अप्पा फेरे ऐकून मोजतात हे बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या बारावीसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक वेबसाइट उघडून दिली. अमेरिकेनं आभाळात एक दुर्बीण सोडली होती. ती वर्षानुवर्षं आभाळाच्या एकाच तुकड्याकडं बघत बसलेली. त्या तुकड्यातल्या लाखभर ताऱ्यांचा उजेड ती मोजायची आणि ठिपक्याठिपक्यांनी लिहून ठेवायची. ताऱ्यासमोरून एखादा ग्रह गेला की उजेड चिमूटभर कमी होतो. ठिपक्यांची सरळ चाललेली रांग तेवढ्यापुरती खाली वाकते आणि परत वर येते. ठिपके इतके की तिथले शास्त्रज्ञ आणि त्यांची यंत्रं मिळूनही बघून संपेनात, म्हणून जगातल्या कुणाही रिकामटेकड्याला ते बघायची मुभा होती. सर म्हणाले, “अप्पा, हजार फेऱ्यांतला एक चुकलेला फेरा तुम्हाला कळतो. हे तसलंच काम आहे.”

अप्पा सातवी शिकलेले. इंग्रजी मी वाचून सांगायची, ठिपके ते बघायचे. त्या वाकण्याला त्यांनी नाव दिलं खड्डा. आठवड्याभरात सगळ्या पेठेला कळलं, की मोटरवाले अप्पा संध्याकाळी आभाळातले खड्डे मोजतात. तालमीचा म्होरक्या बंडू रोज दारात उभा राहून विचारायचा, “अप्पा, खड्डंच मोजायचं तर दुकानाम्होरं काय कमी हायेत काय?” अप्पा हसायचे. ते मला समजावून सांगायचे, आणि मी ऐकल्यासारखं करायची: “हे बघ पलू, गाडीचा दिवा लांब हाय. त्याच्याम्होरनं एक चिलट गेलं. चिलट तेच, दिवा तोच, मग अंधार तेवढाच पडणार. दर खेपंला तेवढाच, आणि तेवढ्याच दिसांनी. तीनदा पडला तर ग्रह. एकदा पडला तर काय बी आसू शकतंय.”

मग एका पावसाळ्यात त्यांना एक खड्डा सापडला. खरोखरचा. असले शेकडो सापडायचे आणि ते आधीच कुणीतरी नोंदवलेले असायचे. हा कुणीच नोंदवला नव्हता. त्याच ताऱ्याचे पुढचे ठिपके काढून बघताना, पहिल्यापासून वर्षाला थोडे दिवस कमी असताना, दुसरा. तेवढाच खोल, तेवढाच रुंद. मी इंग्रजीत लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी तिकडच्या एका बाईंचं उत्तर आलं: फार चांगलं निरीक्षण, आता तिसऱ्याची वाट बघू या, तो दिसला तर शोधणाऱ्यांत तुमचं नाव राहील. तिसरा कधी पडणार तो आठवडासुद्धा त्यांनी काढून दिला होता. आठवडा आला आणि गेलाही. पण दुर्बिणीचे ठिपके गाळून-निवडून आमच्यापर्यंत यायला आणखी कितीतरी महिने लागणार होते. म्हणजे आभाळात जे व्हायचं ते होऊन गेलेलं, आणि आम्हाला ठाऊक नाही. अव्वाला हे अजिबात पटायचं नाही. “झालं आसलं तर झालं, न्हाय तर न्हाय. त्यात वाट काय बघायची?” ती भाकरी उलटत म्हणायची. “आणि आमच्या शास्त्रात दोन सूर्य, दोन चंद्र कवाच सांगून ठेवल्यात. त्यांच्या दुर्बिणीला आत्ता कळालंय.”

वाट बघण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पांचे डोळे चालले होते.

आधी ते हातगाड्यांना धडकायला लागले. मग दाराच्या चौकटीला. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. आत कुठंतरी बारीक उजेडाचा ठिपका लागतो. दिसला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. वाडग्यात ठिपके लागत होते, मला बाहेरून त्यांची उघडझाप जाणवत होती, आणि अप्पांचा अंगठा बटणावर तसाच पडून होता. छापून आलेल्या कागदावर कडेकडेनं काळं होतं आणि मधे कवडीएवढं पांढरं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, थेंब घालून उरलेलं धरून ठेवायचं, पण तुम्ही उशिरा आलात. घरी येताना रिक्षात अप्पांनी एकच प्रश्न विचारला, “किती दिवस?” तो डॉक्टरांना विचारायचा होता, त्यांनी मला विचारला. मी म्हणाले, पुष्कळ.

(यंदाच्या मार्चमध्ये त्याच जातीच्या वाडग्यात मीही तोंड घातलं. हा आजार घराण्यातून उतरतो म्हणे. माझ्या कागदावर काळं अजून डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं आहे. पस्तिशीत कुणी आठवणी लिहायला बसतं का, असं मला विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे.)

“भाईर कुणाला बोलायचं न्हाय,” अव्वानं त्याच दिवशी सांगून ठेवलं. “दिसत न्हाय त्या माणसाच्या हातात मोटर कोण देईल?” बोलायची गरजही पडली नाही. अप्पांची बोटं डोळ्यांवर कधी अवलंबून नव्हतीच. तारेचा जाडपणा ते चिमटीत धरून सांगायचे. अडचण फक्त शेवटच्या तपासणीची. मोटर बांधून झाली की मीटर लावून काटा बघायचा असतो, तो त्यांना दिसेना. तो मी वाचायला लागले. कॉलेजातून आले की दप्तर टाकायचं आणि गिऱ्हाईक चहाला गेलेलं बघून अप्पांच्या कानात आकडा सांगायचा. तिथं मी एकदाही, एका काडीनंही वाढवून सांगितलं नाही. ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मोटरीला वीज लागते, आणि विजेला गोष्टी आवडत नाहीत.

अप्पांचं म्हणणं एवढंच होतं: मधल्या कवडीएवढ्या पांढऱ्यातून तिसरा खड्डा बघायचा. स्वतः. मग काळं झालं तरी चालेल. ते रोज संध्याकाळी, जेवण झाल्या झाल्या, पडद्याला नाक लावून बसायचे आणि जुने दोन खड्डे परत परत बघायचे, डोळ्यांना ओळख राहावी म्हणून. अव्वा मागून चिडायची. “त्या पडद्यानंच डोळं गेलं.” “डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं, पडद्यानं काय व्हत न्हाय.” “डॉक्टरला काय, त्याला दुसरा नवरा आणायचा न्हाय.” त्यावर अप्पा इतके हसायचे, की खालून गिऱ्हाईक हाक मारायचं.

आणि मी काय करत होते? मी पेठेला ग्रह पुरवत होते. कट्ट्यावर, नळावर, पिठाच्या गिरणीत. एकदा कुणी विचारलं, तिथं पाणी असंल काय गं? आता खरं उत्तर होतं की तिथं ‘तिथं’ आहे की नाही हेच ठाऊक नाही. मी म्हणाले, पंचगंगेच्या चौपट पाणी आहे. दुसऱ्या दिवशी आभाळ गुलाबी झालं. चौथ्या दिवशी तिथला दिवस चाळीस तासांचा झाला, आणि सगळ्यांना तो फार आवडला. गिरणीवाला म्हणाला, एवढ्या तासांत दोन पाळ्या निघतील. तालमीच्या कट्ट्यावर बंडूनं सगळी मांडणीच करून टाकली. “पाणी हाय म्हंजे ऊस आला. ऊस आला म्हंजे कारखाना आला. कारखाना आला म्हंजे निवडणूक आली. मग अप्पा तिथं काय बघायचं राहिलं, सगळं हितलंच की.” एकजण म्हणाला, “तिथली माणसं बी दुर्बीण लावून आमच्याकडं बघत असतील.” अव्वा वरून कपडे वाळत घालत होती, म्हणाली, “त्यांना म्हणावं, दुकान उघडं हाय, मोटर जळली तर घिऊन या.” सगळी पेठ तिसऱ्या खड्ड्याची वाट बघायला लागली. इतकी वाट तिनं नव्या रस्त्याचीही बघितली नव्हती.

ठिपके आले ते एका दुपारी. तिकडच्या बाईंनी कळवलं होतं, आज टाकतो म्हणून. अप्पांनी सकाळपासून एकही मोटर उघडली नाही. अंघोळ करून, बस्तीत देवदर्शन करून आले, स्वच्छ शर्ट घातला. त्या आठवड्यात त्यांच्या मधल्या पांढऱ्यावरही साय धरली होती. म्हणाले नव्हते, पण पडद्याला लावलेलं नाक डावीकडून उजवीकडं सरकायचं आणि परत यायचं, त्यावरून मला कळलं होतं. मी तारा उघडला, तो आठवडा मोठा केला, खुर्ची पुढं ओढून दिली. ते बसले. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर बंडू आणि त्याची पोरं कट्टा सोडून आमच्या पायरीशी येऊन बसली होती, त्यांचं कुजबुजणं वर येत होतं. अप्पा बघत राहिले. एकदा चष्मा काढला, पुसला, घातला. मग काढूनच ठेवला.

“पलू,” ते म्हणाले, “मला न्हाय दिसत. तू बघ.”

हे म्हणायला त्यांना किती वेळ लागला ते मी लिहू शकत नाही. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ठिपके होते. एकामागून एक, डावीकडून उजवीकडं, दोरी धरून लावल्यासारखे. सरळ. मी आठवड्याच्या अलीकडचे चार दिवस बघितले आणि पलीकडचे चार. सरळ.

“हाय काय?” अप्पांनी विचारलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि उजव्या हाताची चिमूट तार धरल्यासारखी मिटलेली.

“हाय,” मी म्हणाले. “हाय अप्पा. हा काय. केवढा मोठा. आधीच्या दुप्पट खोल हाय.”

“दुप्पट?”

“दुप्पट. जरा जास्तीच.”

ते उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ टॉवेलमध्ये तोंड घालून उभे राहिले. मला वाटलं आनंदानं. टॉवेलातूनच म्हणाले, “अजून कुणाला सांगू नको.” पण तोवर मी गॅलरीत पोचले होते. खाली बंडूनं मान वर केली, भुवया उडवल्या, आणि मी मान हलवली. तोंडातून शब्दही काढला नाही, नुसती मान हलवली. तेवढं पुरलं.

आमच्या गावात फ्लेक्सला छापखान्याइतका वेळ लागत नाही, तो आभाळातून पडतो. दहावीत पोरगं पास झालं, फ्लेक्स. म्हशीनं शर्यत मारली, फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर, दोन विजेच्या खांबांना बांधलेला, आमच्या घराहून उंच. (आमच्या घराहून थोडा लहान.) मधे अप्पांचा रेशनकार्डावरचा फोटो, मागं कडी घातलेला शनी, खाली तालमीच्या अठरा पोरांचे गॉगल घातलेले फोटो. अप्पा दाराशी उभे राहून वर बघत होते. त्यांना लाल-पिवळं काहीतरी हलतंय एवढंच दिसत असणार.

“काय लिवलंय? वाच.”

तिथं लिहिलं होतं: ‘विश्वविख्यात खगोलशास्त्रज्ञ, पेठेची शान, नूतन ग्रह शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आज सायंकाळी पाच वाजता भव्य नागरी सत्कार’. “तुमचं अभिनंदन केलंय,” मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कमी करून सांगत होते.

अप्पा तालमीत गेले. मी मागून गेले. “बंडू, ते उतरव,” ते म्हणाले. “अजून कशात काय न्हाय.” बंडूनं त्यांचे दोन्ही हात धरले. “अप्पा, लाजू नका. फेटेवाला सांगितलाय, माजी नगरसेवक येणार हायेत, पेढं आल्यात. आता तुमी नको म्हणून काय थांबतंय व्हय?” अप्पा माझ्याकडं वळले. म्हणजे जिथं मी उभी असेन असं त्यांना वाटलं तिकडं वळले. त्या क्षणी बोलले असते, की पोरीनं खोटं सांगितलंय, तर पेढे वाटून सगळे घरी गेले असते आणि मला आयुष्यभर नवं नाव मिळालं असतं. ते म्हणाले, “पाचला सुरू करा मग. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.”

पाचला सुरू झालं नाही. माजी नगरसेवक दुसऱ्या सत्कारात अडकले होते. खुर्च्या भरल्या, स्पीकर इतका मोठा की कळंब्याच्या तलावात लाटा उठल्या असतील. अव्वानं हुग्गी करून ठेवली होती आणि नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली होती. दर पाच मिनिटांनी मान वळवून छपरांवरचं ऊन बघायची. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, खड्डा सापडलाय. तिच्या तोंडावर मी तसला उजेड पुन्हा बघितला नाही. शेवटी गाडी आली, फेटा बांधला गेला, शाल, नारळ. नगरसेवकांनी अप्पांचं नाव दोनदा चुकवून ग्रह जिल्ह्याला अर्पण केला. मग बंडूनं माईक अप्पांच्या हातात दिला आणि अप्पांनी तो चाचपून घेतला.

“मंडळी,” ते म्हणाले, “माफ करा. खड्डा न्हाय.”

स्पीकर घुमला. कुणीतरी हसलं, विनोद असेल म्हणून.

“चूक माझी हाय. मीच बघितलं आणि मीच सांगितलं. मला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली, डोळं चाललेत. आता तर समोरचा माणूस बी वळखू येत न्हाय. नसलेलं दिसलं मला. पोरांनी हौसंनं केलं, त्यांस्नी कुणी बोलू नका.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग खुर्च्यांच्या मधल्या रांगेतून एक गडी उठला. राधानगरीकडचा, आदल्या आठवड्यात दहा एचपीची मोटर बांधून नेलेला. रागानं नाही, अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, “मग माझी मोटर कुणी तपासली, अप्पा?”

मी उभं राहायला हवं होतं. काटा मी वाचला, तो बरोबर वाचला, हे सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर दुसराही प्रश्न आला असता, की मग हे ठिपके कुणी वाचले. मी पहिल्या रांगेत अव्वाशेजारी बसून राहिले. अव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“मोटर बोटांनी बांधलीया,” अप्पा म्हणाले. “ती चालंल.”

“आसू दे, आसू दे,” बंडू माईक घेत म्हणाला, “पेढं घिऊन जावा सगळ्यांनी.” आणि लोकांनी घेतले. रांगेनं. अप्पांच्या जवळून जाताना सगळ्यांनी त्यांना जरा जास्तच जागा सोडली, जसं आपण नुकतं कळलेल्या आजाऱ्याला सोडतो.

घरी आलो तेव्हा ऊन कधीच उतरून गेलं होतं. हुग्गी झाकून ठेवलेली तशीच राहिली. अव्वा आतल्या खोलीत जाऊन बसली. अप्पांनी फेटा काढला, तो त्यांना उलगडता येईना, मी पुढं झाले तर म्हणाले, राहू दे, माझं मी करतो. पायरीवर बसून ते त्या फेट्याचे पीळ एकेक करून सोडवत राहिले.

“तुमास्नी कवा कळलं?” मी विचारलं.

“तू बोललीस तवाच. ग्रह फुगत न्हाय, पलू. तेवढाच म्हणाली असतीस तर मी मानलं असतं.”

त्यांच्या आवाजात राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. आजही करते. पुढं त्या दुर्बिणीचं नेम धरून ठेवणारं एक चाक अडकलं आणि तिला तो आभाळाचा तुकडा सोडावा लागला, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “बेअरिंग गेलं आसंल. हितं आणून टाका म्हणावं, बोटांनी बसवून देतो.” ते म्हणून त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि मग हसू थांबल्यावर बराच वेळ तोंड तसंच राहिलं. आता नवी, मोठी दुर्बीण वर गेलीय, ग्रह हजारोंनी सापडलेत, त्यांच्या हवेत काय काय आहे तेही म्हणे कळतं. माझ्या मोबाइलवर रोज काहीतरी येतं: पाणी असू शकेल, जीवन असू शकेल. ‘शकेल’ हा शब्द मी हल्ली मोठ्यानं वाचते. अप्पा जाऊन तीन पावसाळे झाले. त्या पहिल्या दोन खड्ड्यांचं काय होतं, हे आजवर कुणी आम्हाला कळवलेलं नाही. दुर्बीण हलली असेल. नाहीतर काहीच नसेल.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला हाक मारली. ते दुकानात नव्हते, वर कॉम्प्युटरपुढं बसले होते, पण खुर्ची बाजूला सरकवून माझी जागा मोकळी केली होती. “त्या बाईंना कळवाय पायजे,” ते म्हणाले, “तिसरा न्हाय म्हणून. पण आधी मला बघू दे. तू वाच, मी बघतो. एकेक ठिपका. जसा हाय तसा.”

मी तो आठवडा उघडला. पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि आकडा वाचला. त्यांनी डोळे मिटले, चिमूट मिटली. मी दुसरा वाचला. तिसरा वाचला. एके ठिकाणी ठिपका किंचित, अगदी केसभर खाली होता आणि माझी जीभ अडखळली. त्यांनी तेवढ्यातही मान उचलली. “किती?” मी होता तितकाच सांगितला. “मग सरळच हाय,” ते म्हणाले, “पुढं.” अव्वा दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. शेकडो ठिपके होते. खाली दार उघडं होतं आणि पायरी रिकामी होती. त्या दिवशी मोटर घेऊन कुणीच आलं नाही, त्यामुळं आम्हाला वेळ पुष्कळ होता.